वहीबाहेरचे मैदान

गावाचा इतिहास लिहिताना लोक मंदिरांची, बाजारपेठेची, जुन्या वाड्यांची आणि नदीच्या घाटांची नोंद आवर्जून करतात. मैदानाची नोंद सहसा कोणी करीत नाही. तेथे शिलालेख नसतो, दात्याच्या नावाची पाटी नसते आणि मुले मोठी झाली की त्यांनी तेथे काय केले याचा पुरावाही उरत नाही. तरीही एखाद्या गावातील माणसे एकमेकांशी कशी वागतील, हे ठरण्याचा आरंभ पुष्कळदा त्याच मोकळ्या जागेत होतो. घरात मूल कोणाचा तरी मुलगा असते, शाळेत हजेरीपटावरील एक क्रमांक असते, दुकानात मालकाचे किंवा गिऱ्हाइकाचे पोर असते. मैदानावर मात्र त्याला पळता येते का आणि हरल्यावर उद्या पुन्हा येण्याची तयारी आहे का, एवढेच विचारले जावे अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा आपोआप पूर्ण होत नाही. ती कोणाला तरी पाळावी लागते, आणि कधी कधी मोठ्यांकडून पाळून घ्यावी लागते.

किनवटच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांचे दुकान असलेल्या एका गृहस्थांना ही गोष्ट लहानपणीच अनुभवास आली. पण तिचा पुरता अर्थ त्यांना उलगडला तो वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, घरापासून हजारो मैल दूर, ऑस्ट्रेलियातील एका उपनगराच्या मैदानावर. घरात आणि पेठेत सगळे त्यांना ‘नाना’ म्हणतात.

नानांचा जन्म १९५०चा. त्या वेळी किनवट नांदेड जिल्ह्यात नव्हते. हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील तो एक तालुका होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि किनवट नांदेडला जोडले गेले. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला. म्हणजे दहा वर्षांचे होईपर्यंत या मुलाने आपले गाव न सोडता तीन राज्ये पाहिली. गाव मात्र आपल्या जागीच होते. एका अंगाला पैनगंगा, चहूकडे सागवानाचे जंगल, मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा मीटरगेजचा लोहमार्ग आणि आठवडी बाजाराला डोंगरांतून उतरणारी माणसे. गोंड, कोलाम, आंध, बंजारा, मुसलमान, तेलुगू बोलणारे, मारवाडी, मराठा आणि जैन अशा सर्वांची तेथे ये-जा. बाजारात उभे राहिले तर मराठी, दखनी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि गोरमाटी एकाच वेळी कानावर पडत. सीमेवरच्या गावाला एकच भाषा पुरत नाही.

मैदानालाही एक भाषा पुरत नसे. शाळेमागच्या त्या मोकळ्या जागेवर विटीदांडू, लगोरी, हुतूतू, आट्यापाट्या असे सारे खेळ चालत. पण राजा खेळ होता तो खो-खो. त्याला साहित्य लागत नाही. दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पट्टी आणि तीवर आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेली आठ मुले. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. पळणारा पट्टीच्या पलीकडे गेला की त्याचा माग सोडून, त्या बाजूला तोंड करून बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवायचा, ‘खो’ म्हणायचे आणि त्याच्या जागी आपण बसायचे. कितीही वेगवान मुलगा असला तरी एकट्याच्या बळावर हा खेळ त्याला जिंकता येत नाही. आपण जेथे अडलो तेथून पुढचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागते, आणि तेही त्याच्या पाठीमागून, त्याचा चेहरा न पाहता.

नानांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नियम होता. हिवाळ्यात साडेपाच वाजण्याच्या सुमारास त्यांना मैदान सोडावे लागे, आणि बाकीच्यांचा खेळ तर तेव्हाच रंगात आलेला असे. आरंभी हा मुलगा डाव अर्धा टाकून जातो म्हणून भांडणे झाली. मग मुलांनीच तोड काढली. नाना ज्या संघात असतील त्या संघाने आधी पाठलाग करायचा, म्हणजे त्यांचा वाटा उजेड असतानाच पुरा होई. रमजानच्या दिवसांत रोजा धरणारी दोन मुले दुपार कलल्यावर थकत. त्यांना त्या महिन्यात बसते गडी म्हणून घेतले जाई. हे नियम कोणत्याही पुस्तकात नव्हते. शिक्षकांनीही ते सांगितले नव्हते. ज्या मुलांना एकत्र खेळायचेच असते, ती एकमेकांच्या घरचे नियम खेळाच्या नियमांत सामावून घेतात.

त्या मैदानावरचा सर्वांत चपळ गडी एका कोलाम पोडावरचा मुलगा होता. पोड म्हणजे कोलामांची डोंगरातील छोटी वस्ती. तो वसतिगृहात राहून शिकत होता. मराठी जपून बोलत असे. पण खांबाला वळसा घालताना तो जसा वाके, तसे कोणालाच जमत नसे. त्याच्या मागे लागलेला गडी दोन वेळा फसला की बसलेल्या मुलांतही हशा पिके आणि त्या हशात तोही सामील होई. संघ पाडताना पहिले नाव त्याचेच निघे. नाना त्याच्याहून एका वर्षाने लहान. दोघांची जोडी जमली होती, कारण नाना ‘खो’ देण्यात तरबेज होते आणि तो मिळालेला ‘खो’ वाया जाऊ देत नसे.

नानांचे वडील, म्हणजे अण्णा, यांच्या दुकानात कापड, मीठ, तेल, गूळ आणि किराणा मिळे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पोडांवरची आणि तांड्यांवरची माणसे पेरणीच्या दिवसांत उधारीने माल नेत आणि कापूस घरी आला की फेडत. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही गादीशेजारी असे. त्या वहीत कोलाम मुलाच्या वडिलांचेही खाते होते. दोन्ही मुलांना ते ठाऊक होते. मैदानावर मात्र त्याचा उल्लेख कधी झाला नव्हता.

एके दिवशी सायंकाळी दुकानातील मुनीम नानांना जेवणासाठी बोलवायला मैदानावर आले. पोडावरचा मुलगा समोरच उभा होता. मुनीमजींनी त्याला ओळखले आणि सगळ्यांच्या देखत म्हटले, “बापाला सांग, मागची बाकी राहिली आहे. दोन हंगाम झाले.” त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. कामात काम उरकावे, पोडापर्यंतची खेप वाचावी, एवढाच त्यांचा हिशेब होता. पण बसलेल्या आठ मुलांपैकी एकाने ते शब्द उचलले आणि दुसऱ्या दिवशी पाठलाग चालू असताना मोठ्याने म्हटले, “बाकी दे, मग पळ.” काही मुले हसली. तो मुलगा खांबापाशी थांबला. त्याला कोणी बाद केले नव्हते. तो स्वतःहून आखलेल्या रेषेबाहेर गेला आणि वसतिगृहाच्या वाटेला लागला.

त्यानंतर तो मैदानावर येईना. खेळ चालू राहिला, पण त्यातली चुरस गेली. नानांनी घरी काही सांगितले नाही. त्यांना काय सांगावे हेच कळत नव्हते. अण्णांना गोष्ट कळली ती बाजारात, एका शिक्षकांकडून. त्या रात्री दुकान बंद करताना अण्णांनी मुनीमजींना जवळ बसवले. ते वयाने अण्णांपेक्षा मोठे होते, म्हणून अण्णा त्यांना कधी रागावून बोलत नसत. त्या रात्रीही रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मुनीमजी, बाकी मागण्याचा आपला हक्क आहे. पण मैदानावर वही उघडायची नाही. मुलाच्या नावाने तर कधीच नाही. खाते बापाचे आहे.”

मुनीमजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बरोबर आहे, अण्णा. माझ्या लक्षात आले नाही.”

अण्णा दुसऱ्या दिवशी वसतिगृहात गेले नाहीत. त्यांनी कोलाम कुटुंबाची बाकी माफही केली नाही. शेजाऱ्यांपैकी एकाने तसे सुचवले, तेव्हा ते म्हणाले की माफी दिली तर तो मुलगा जन्मभर ती पाठीवर घेऊन हिंडेल. मुनीमजी मात्र पुढच्या बाजारच्या दिवशी त्या मुलाच्या वडिलांना भेटले आणि मुलासमोर बोलल्याबद्दल दोन शब्द बोलून आले. काय बोलले ते कोणालाच कळले नाही.

सुमारे दहा दिवसांनी तो मुलगा पुन्हा मैदानावर आला. कोणी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. नानांच्या संघात एक जागा रिकामी होती. तो तेथे बसला. पाठलाग करणाऱ्या नानांना पुढची बाजू अडली, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हटले आणि तो उठून पळाला. त्या कापसाच्या हंगामात त्याच्या वडिलांनी पूर्ण बाकी फेडली. अण्णा वारल्यानंतर जुन्या वह्या काढल्या, तेव्हा नानांना ते पान सापडले. हिशेबाखाली अण्णांच्या वळणदार अक्षरात ‘चुकते’ असे लिहिलेले होते. इतर खात्यांखाली जसे लिहिलेले असे, अगदी तसेच.

पुढे मुले पांगली. कोणी नांदेडला, कोणी आदिलाबादला, कोणी हैदराबादला गेले. पोडावरचा मुलगा वनखात्यात नोकरीला लागला. तो दुकानात येई, रोखीने माल घेई, चहा घेई आणि जुन्या खेळांच्या गोष्टी काढी. त्या एका संध्याकाळची गोष्ट मात्र दोघांनीही कधी काढली नाही.

नानांचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त मेलबर्नला स्थायिक झाला. २०२३मध्ये नाना आणि आजी काही महिने त्याच्याकडे राहायला गेले. तो तेथील हिवाळ्याचा हंगाम होता. जूनमध्ये पाच वाजून गेले की सूर्य मावळे, त्यामुळे नानांचे जेवण किनवटपेक्षाही लवकर आटोपे. नऊ वर्षांची नात नुकतीच नव्या शाळेत गेली होती. घरात भरभरून बोलणारी ही मुलगी शाळेतून आली की गप्प असे. तिच्या आईने तिचे नाव जवळच्या फूटबॉल क्लबात घातले. शनिवारी सकाळी मुलीला मैदानावर नेण्याचे काम नानांकडे आले.

तेथे ज्याला फूटबॉल किंवा लाडाने ‘फूटी’ म्हणतात, तो आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. चेंडू अंडाकृती असतो. मैदानही लंबवर्तुळाकार असते, आणि उन्हाळ्यात त्याच मैदानावर क्रिकेट चालते. हे केवळ सोयीचे नाही. खेळाचा जन्मच तसा झाला. जुलै १८५८मध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूने एका नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग जड होऊ नये म्हणून एक फुटबॉल क्लब काढावा. १७ मे १८५९ रोजी मेलबर्नमध्ये काही मंडळी एकत्र बसली आणि त्यांनी या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू मैदानावर असतात. चेंडू हातात घेऊन पळता येते, पण ठरावीक अंतराने तो जमिनीवर आपटावा लागतो. फेकता येत नाही; एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो. लाथेने दूरवरून आलेला चेंडू वरच्यावर झेलला, तर झेलणाऱ्याला निवांतपणे लाथ मारण्याचा हक्क मिळतो.

आजींचे दोन प्रश्न होते. चेंडू कातड्याचा असतो का, आणि खेळात धक्काबुक्की किती असते? मोठ्यांच्या सामन्यांतील चेंडू कातड्याचाच असतो. लहानांच्या सरावात मात्र कृत्रिम साहित्याचे चेंडू मिळतात, आणि नातीसाठी तसाच चेंडू घेण्यात आला. अगदी लहान गटांत एकमेकांना धरून पाडण्याची मुभा नसते, हे कळल्यावर दुसरा प्रश्नही काही काळापुरता सुटला. मुलीने असा रांगडा खेळ खेळावा का, हा तिसरा प्रश्न आजींनी विचारला नाही. पण तो त्यांच्या मनात होता. त्याचे उत्तर त्या देशालाही उशिरा सापडले. स्त्रियांची राष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा २०१७मध्ये सुरू झाली आणि ३ फेब्रुवारीच्या पहिल्याच सामन्याला इतकी गर्दी लोटली, की मैदानाचे दरवाजे बंद करावे लागले.

नानांना सर्वांत नवल वाटले ते दोन गोष्टींचे. पहिली म्हणजे या खेळाच्या मैदानाला एकच ठरलेले माप नाही. लांबी-रुंदीची मर्यादा सांगितलेली आहे, पण तिच्या आत एक मैदान लांबट, दुसरे गोलसर असू शकते. खेळाडूंना त्या त्या मैदानाशी जुळवून घ्यावे लागते. दुसरी गोष्ट गुणांची. दोन्ही टोकांना चार चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने थेट गेला की सहा गुण. नेम थोडा चुकून तो उंच खांब आणि बाजूचा आखूड खांब यांच्यामधून गेला, तर एक गुण. खांबामागे पांढऱ्या कोटात उभा असलेला पंच पहिल्यासाठी दोन निशाणे हलवतो, दुसऱ्यासाठी एक. जवळ जाऊन चुकलेल्याच्या पदरातही काहीतरी पडते, असा खेळ नानांनी पूर्वी पाहिला नव्हता.

नात पहिले तीन आठवडे मैदानाच्या कडेलाच घुटमळत राहिली. चेंडू तिच्याकडे आला की ती तो दुसऱ्याकडे ढकलून मोकळी होई. चौथ्या आठवड्यात एका मुलीने तो तिच्याच हातात दिला आणि खांबांकडे बोट दाखवले. तिने लाथ मारली. चेंडू आखूड खांबाच्या आतून कसाबसा गेला. त्या दिवशी पंच म्हणून उभ्या असलेल्या एका वडिलांनी गंभीरपणे एक निशाण हलवले. चार-पाच मुली धावत आल्या आणि तिच्या पाठीवर थाप मारून परत आपापल्या जागी गेल्या. घरी येताना गाडीत ती न थांबता बोलत होती. एकच गुण होता, हे तिने दोनदा सांगितले. पण तक्रारीच्या सुरात नाही.

हे सारे चालवणारी माणसे पगारी नव्हती. कोणी रुग्णालयात काम करणारे, कोणी मालमोटार चालवणारे, कोणी शिक्षक. सकाळी लवकर येऊन रेषा आखणे, मुलांचे गणवेश धुऊन आणणे, मध्यंतरात संत्र्याच्या फोडी वाटणे ही कामे पाळीपाळीने वाटून घेतलेली होती. नानांनाही लवकरच संत्री कापायला बसवण्यात आले. त्यांचे इंग्रजी तोडके होते, पण फोडी करायला इंग्रजी लागत नाही.

संत्री कापता कापता क्लबातील एका वृद्ध स्वयंसेवकाशी त्यांची ओळख झाली. नानांनी त्याला १९५६ची आठवण सांगितली. त्या वर्षीचे ऑलिंपिक मेलबर्नलाच भरले होते, आणि १ डिसेंबरला भारताने फुटबॉलमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले होते. नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ज्या राज्याचा तो माणूस, त्या राज्यात किनवट बरोबर महिन्याभरापूर्वीपर्यंत होते. म्हातारा हसला. त्याच ऑलिंपिकमध्ये मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर त्यांच्या ‘फूटी’चाही प्रदर्शनीय सामना झाला होता, असे त्याने सांगितले. तेव्हा नानांना अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची आठवण झाली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. आपल्या मातीतला खेळ जगाला दाखवावा, ही हौस दोन्ही देशांची सारखीच.

मग नानांनी त्याला मुनीमजींची आणि पोडावरच्या मुलाची गोष्ट सांगितली. मुलगा शेजारी बसून इंग्रजीत समजावत होता. म्हाताऱ्याने ऐकून घेतले आणि आपल्याकडची गोष्ट सांगितली. त्या भूमीचे मूळ रहिवासी गोऱ्या लोकांच्या आगमनापूर्वीपासून पॉसम नावाच्या प्राण्याच्या कातडीच्या चेंडूने एक खेळ खेळत. टॉम विल्सचे बालपण मूळ रहिवाशांच्या मुलांमध्ये गेले होते, आणि त्याच्या खेळात त्या खेळाची छाया आहे की नाही, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पुढे मात्र त्याच लोकांच्या खेळाडूंना मैदानावर वर्णावरून शिव्या खाव्या लागल्या. १७ एप्रिल १९९३ रोजी व्हिक्टोरिया पार्कच्या मैदानावर सेंट किल्डा संघाच्या निकी विनमार याने सामना जिंकल्यावर शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकांकडे तोंड केले, अंगातील जर्सी वर उचलली आणि आपल्या काळ्या त्वचेकडे बोट दाखवले. त्या छायाचित्राने देश हलला. १९९५मध्ये वर्णावरून अपमान करणाऱ्यांविरुद्ध या खेळाच्या संघटनेने नियम केला. तरीही वीस वर्षांनी ॲडम गुड्स या थोर खेळाडूला प्रेक्षकांनी सामन्यामागून सामन्यात हुर्यो करून छळले आणि २०१५मध्ये तो निवृत्त झाला. संघटनेने आणि सर्व क्लबांनी त्याची जाहीर क्षमा मागितली ती २०१९मध्ये.

नाना त्या रात्री बराच वेळ जागे होते. त्यांना वाटले होते की सुबत्ता असलेल्या देशात, हिरव्यागार गवतावर, निशाणे आणि शिट्ट्या असलेल्या मैदानावर ही अडचण नसेल. पण वही तेथेही उघडली जात होती. फक्त तिच्यातील नोंदी वेगळ्या होत्या. कोठे जमिनीची, कोठे रंगाची, कोठे बापाच्या बाकीची. मैदानाला समता निसर्गाने दिलेली नसते. ‘येथे वही उघडायची नाही’ असे कोणीतरी म्हणावे लागते, आणि ते म्हणणारा बहुधा वही ज्याच्या हातात आहे तोच असावा लागतो. पोडावरच्या मुलाने ते म्हटले असते तर ती तक्रार ठरली असती. अण्णांनी म्हटले, म्हणून तो नियम झाला. निकी विनमारला आपल्या कातडीकडे बोट दाखवावे लागले, कारण तोवर ज्यांच्या हाती खेळ होता त्यांनी नियम केला नव्हता.

आपल्या समाजात दानाची परंपरा मोठी आहे. धर्मशाळा, पाठशाळा, पाणपोया, रुग्णालये यांसाठी आपण सढळ हाताने देतो, आणि त्याच्या पाट्याही लागतात. मैदानासाठी जे द्यावे लागते त्याची पाटी लावता येत नाही. तेथे द्यायचे ते एवढेच, की व्यापारातील आपला हक्क, घराण्याचे आपले वजन आणि कोण कोणाचे देणे लागतो ही आपली माहिती, संध्याकाळचे दोन तास बाजूला ठेवायची. पैशापेक्षा हे देणे सोपे वाटते. प्रत्यक्षात ते अवघड आहे, कारण मुले मोठ्यांचे बोलणे ऐकत असतात. जेवताना कोणाच्या ऐपतीचा विषय निघाला, तर तो दुसऱ्या दिवशी मैदानावर पोहोचतो. त्या दिवशी “बाकी दे, मग पळ” म्हणणाऱ्या मुलाने ते वाक्य स्वतः रचले नव्हते. ते मोठ्यांनी त्याच्या हाती दिले होते.

किनवटचे नानांचे दुकान आता मोठे झाले आहे. लाल वही गेली, संगणक आला. कोणाकडे किती येणे आहे ते भ्रमणध्वनीवरही दिसते. हिशेब खिशातच असल्यामुळे तो कोठेही काढता येतो. दुकानात काम करणारी पोरे चपळ आहेत आणि एका खेपेत दोन कामे उरकण्याची सवय त्यांनाही आहे. संध्याकाळी त्यांपैकी कोणी मैदानाच्या बाजूला निघाला, तर नाना गादीवरून विचारतात, “कोणाकडे निघालास?” मुलाला जेवायला बोलवायचे असेल तर जा म्हणतात. वसुलीचा निरोप असेल तर त्याला परत बोलावतात आणि सांगतात, “तो उद्या सकाळी त्यांच्या घरी जाऊन दे. बापाला दे.”